लॉकडाऊनमध्ये गप्प राहिले, आता तक्रार करता येईल का?

प्रश्न : ताई, लग्नानंतर मी कल्याणला होते. नवरा आधीपासून हात उचलायचा. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये त्याचं काम बंद पडलं आणि मारहाण रोजचीच झाली. एकदा मनगट सुजलं, तर सासूबाई म्हणाल्या, "दवाखान्यात गेलीस तर कोरोना घेऊन येशील," आणि लेप लावून घरीच बसवलं. माहेरी यायला ना एसटी, ना रेल्वे. मोबाइल त्याच्या ताब्यात. पुढेही मुलीच्या शाळेसाठी दिवस काढले. गेल्या दिवाळीनंतर तिला घेऊन माहेरी, सातारा जिल्ह्यात आले. खर्च मागितला तर तो म्हणतो, "इतकी वर्षं गप्प होतीस, आता कोण ऐकणार? केस करायची तर कल्याणला ये." ओळखीचे एक वकीलही म्हणाले, वर्षाच्या आत करायला हवं होतं. दवाखान्याचा एकही कागद नाही. काय करू?

उत्तर : उशीर झालेला नाही, हे आधी मनात पक्कं करा. घरगुती हिंसाचाराच्या २००५च्या कायद्याखाली अर्ज करायला वर्षाची मुदत लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२मध्ये स्पष्ट केलंय. कल्याणलाही जायला नको. कलम २७ प्रमाणे तुम्ही आज जिथे राहता, तिथल्याच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज चालतो.

"गप्प होतीस" हे वाचून मला फार चीड आली. लॉकडाऊनमध्ये मी हेल्पलाइनवर फोन घेत होते. नवरा दूध आणायला खाली उतरला की बायका फोन करायच्या. बोलता बोलता एकदम आवाज बदलायचा, "नाही हो, भाजी नकोय आम्हाला," आणि फोन कट. आम्ही उलटा फोन करत नसू, कारण तो कोण उचलेल याचा नेम नव्हता. काहींचा पुन्हा फोन आलाच नाही. त्या गप्प नव्हत्या हो, त्यांना बोलायला जागाच नव्हती.

आता कागदांचं. डॉक्टरांचा कागद नाही म्हणून अर्ज अडत नाही. शांतपणे बसून घडलेलं लिहून काढा. तारखा आठवत नसतील तर अंदाजाने ठोकू नका, त्या काळाच्या खुणा लावा : थाळ्या वाजवल्या त्या आठवड्यात, दारूची दुकानं परत उघडल्यावर, मुलीची शाळा मोबाइलवर सुरू झाली तेव्हा. आरडाओरडा ऐकून कुणी दार वाजवलं होतं का? बहिणीला कधी फोटो, मेसेज पाठवलात का? तिच्या मोबाइलमधलं काही पुसू देऊ नका. मनगट अजून दुखत असेल तर सरकारी रुग्णालयात दाखवा, कशाने झालं ते डॉक्टरांना खरं सांगा आणि केसपेपर जपून ठेवा.

हे घेऊन संरक्षण अधिकाऱ्यांकडे, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे जा, महिला व बालविकास कार्यालयात त्यांचा पत्ता मिळेल. घरगुती घटना अहवाल, म्हणजे घडलेल्या हिंसेची न्यायालयासाठीची नोंद, तेच भरून देतात. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही. आणि पहिल्याच अर्जात अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा खर्च मागा, मुलीचा ताबाही मागा. कायदा साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न करा म्हणतो, प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, आणि मुलीची फी तोवर थांबत नाही.

तो गावात येऊन दमदाटी करू लागला किंवा मुलीला ओढून न्यायला बघू लागला, तर घरातल्या कुणाची वाट न बघता ११२ला फोन करा.