फतवा 'काढत' नाहीत, देतात

प्रश्न असा आला आहे: 'इराणच्या सर्वोच्च नेत्याने अण्वस्त्रांविरुद्ध फतवा काढला होता. फतवा म्हणजे धर्माचा हुकूमच ना? मग त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायला काय हरकत आहे?'

आधी तो 'हुकूम' पुसा. आमच्या सोसायटीच्या फळ्यावर परवा कुणीतरी लिहिलं, 'गच्चीत पापड वाळत घालू नयेत'. लगेच लिफ्टमध्ये सुरू, 'अध्यक्षांचा नवा फतवा!' शाळेने मोज्यांचा रंग बदलला, फतवा. साहेबांनी सुट्ट्या कापल्या, फतवा. लोक वापरतात तोच अर्थ, असं म्हणणारे भाषातज्ज्ञ आहेत. वापरा बापडे! पण पापडाचा अर्थ तेहरानला लावू नका.

फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला जाणकाराने दिलेलं उत्तर. विचारणारा मुस्तफ्ती, उत्तर देणारा मुफ्ती. हुकमाला अरबीत 'हुक्म' हा वेगळा शब्द आहेच, आणि शिया धर्मशास्त्र दोन्हींत फरकही करतं: फतवा त्या धर्मपंडिताला मानणाऱ्यांपुरता, राज्यकर्त्याचा हुक्म मात्र सगळ्यांना लागू.

आता खरी गंमत. जुने अरबी कोशकार फतव्याचं नातं 'फता'शी जोडतात. फता म्हणजे जवान, उमदा गडी. त्याच्यावरून 'फुतुव्वा', म्हणजे मर्दुमकी आणि दिलदारी. संशयाने लुळ्या पडलेल्या प्रश्नाला जो पुन्हा जवान करतो, तो मुफ्ती! काही आधुनिक अभ्यासकांना ही ओढाताण वाटते. वाटो. मला ती पटते, कारण फतव्याआधी प्रश्न आणि शंका दोन्ही असावी लागतात, हे त्या व्युत्पत्तीतच बसलेलं आहे. फौजेतला माणूस 'आज मुफ्तीत आलोय' म्हणतो, म्हणजे साध्या कपड्यांत. तो शब्दही याच मुफ्तीवरून आला म्हणतात: गोऱ्या अधिकाऱ्यांचा घरातला झगा आणि गोंड्याची टोपी नाटकातल्या मुफ्तीसारखी दिसायची. 'मोफत'चा मात्र याच्याशी काही संबंध नाही, तो फारसी 'मुफ्त'.

हां, इराण. ऑगस्ट 2005 मध्ये व्हिएन्नात इराणने आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला सांगितलं की अण्वस्त्रं बनवणं, साठवणं, वापरणं निषिद्ध असल्याचा फतवा सर्वोच्च नेते खामेनींनी दिला आहे. एप्रिल 2010 मध्ये तेहरानच्या निःशस्त्रीकरण परिषदेला खामेनींनी जो संदेश पाठवला, त्यात 'हराम' हा शब्द आला तो वापराला. 2012 साली बाळगणंही पाप आहे असं ते बोलले. आता शब्दाच्या बाजूने बघा: 2010 चा मजकूर हा परिषदेला पाठवलेला संदेश. त्यात मुस्तफ्ती कुठे आहे? बरं, फतवा मानला तरी परिस्थिती बदलली की पंडित आपलं मत बदलू शकतो, ती सोय शास्त्रातच आहे. म्हणून लगेच 'सगळा कावा' म्हणून मोकळे होणारेही मला तितकेच उथळ वाटतात. अशी वाक्यं जाहीर बोलून ती मोडणं धर्मसत्तेला स्वस्त पडत नाही.

पण फतव्याला सील लागत नाही, युरेनियमच्या पिंपाला लागतं. इराण आणि बड्या देशांच्या 2015 च्या अणुकरारात युरेनियमला मर्यादा होती 3.67 टक्के शुद्धतेची आणि 300 किलो साठ्याची. अमेरिका 2018 मध्ये करारातून बाहेर पडली, एप्रिल 2021 पासून इराण 60 टक्क्यांपर्यंत गेला, आणि जून 2025 च्या मध्याला संस्थेच्या हिशेबाने तसा साठा 440.9 किलो होता. बॉम्बला साधारण 90 टक्के लागतात.

फेब्रुवारी 2021 मध्ये इराणच्याच गुप्तवार्ता मंत्र्याने याचा अर्थ टीव्हीवर सांगून टाकला: फतवा आहेच, पण मांजर कोंडलं की ते मोकळ्या मांजरासारखं वागत नाही, आणि मग दोष कोंडणाऱ्याचा. याला कोश लागत नाही.

आणि कृपा करून 'फितवा' हे फतव्याचंच रूप असं पुन्हा कुणी लिहून पाठवू नका. फितवा फितूरच्या घरचा, आणि फितूरचं मूळ अरबी 'फुतूर', म्हणजे ढिलाई.