मायन्यावर अडू नकोस

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात दहा दिवस मौन पाळून मन तळ्यासारखं स्थिर झालं आणि घराच्या ओट्यावर पाय ठेवताच पेटलं, असं तू लिहितोस. चार माणसांदेखत वडील म्हणाले, ‘दहा दिवस तोंड बांधून आला, आता आम्हाले शिकवतो.’ तेव्हापासून दोन महिने अबोला. त्यांना लिहायला घेतलेली चिठ्ठी चारदा फाडलीस. आणि मला विचारतोस, याहून मोठं शिबिर करू का?

नको. आधी वडिलांसमोर जा.

ध्यानाला मी नावं ठेवत नाही. मी स्वतः चाळीस वर्षं पहाटे बसतो. श्वासावर लक्ष ठेवलं की राग कुठून उठतो, छातीत कसा तापतो, कसा ओसरतो हे दिसायला लागतं. राग म्हणजे मी नव्हे, एवढी जागा मोकळी होते. ते फार मोलाचं आहे. पण बघणारा कोण, हे तपासलंस का? साक्षी म्हणून जो बसतो, तो पुष्कळदा आपला अहंकारच असतो, धुतलेले कपडे घालून आलेला. ‘मी शांत, बाप तापट’ हे तुझ्या पत्रात तीन ठिकाणी आहे, दर वेळी नव्या शब्दांत. शांत मन अशी तुलना करत बसेल का? डोळे मिटून हे कळत नाही रे. ज्याच्याशी बिनसलंय त्याच्यासमोर उभं राहिलं की लगेच कळतं.

माझं सांगतो. आमची विहीर सामाईक. चार दिवस धाकट्या भावाची पाळी, चार दिवस माझी. एका मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, त्याने माझ्या पाळीच्या रात्री मोटर चालवली. त्याची केळी नुकती निसवत होती. मी सकाळी गेलो, स्टार्टरच्या पेटीतले चिनी मातीचे तिन्ही फ्यूज काढले आणि घरी आणले. तो मागोमाग आला. दारातच उभा राहून म्हणाला, ‘दादा, मले काही म्हनाचं नाही. आजची रात पानी घेऊ दे.’ मी उत्तर दिलं नाही. आवाज चढवला नाही म्हणून मनात स्वतःची पाठ थोपटली. फ्यूज देवघराच्या कोनाड्यात ठेवले, आणि पहाटे त्याच कोनाड्याखाली आसन घालून बसलो. मन अगदी स्थिर लागलं त्या दिवशी! तिकडे त्याची पानं करपत होती. त्या साली घड भरलेच नाहीत.

पाळी माझी होती. वहीत तारखेसकट लिहिलेलं आहे, आजही काढून दाखवीन. भाऊबंदकीत हिशेब चोख नको तर काय हवं? त्याने आधी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. हे मी स्वतःला किती वर्षं सांगत आलोय ते तुला सांगत नाही.

पुढे आठ वर्षं बोलणं नव्हतं. तो जळगावला दवाखान्यात होता तेव्हा मी रोज पहाटे मनातल्या मनात त्याचं भलं चिंतत होतो. जळगाव एसटीने दीड तासावर. गेलो नाही. सहाव्या दिवशी त्याला घरी आणलं ते तसंच. म्हणून म्हणतो, समोर जा. मनातल्या मनात केलेलं त्याच्यापर्यंत पोचत नाही.

तू चिठ्ठी फाडलीस त्यावरून आपल्याच भागातली कथा आठवली. मुक्ताईनगरच्या बाजूला तापी आणि पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे, महाशिवरात्रीला यात्रा भरते. चांगदेव म्हणे योगबळाने चौदाशे वर्षं जगलेले. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यावरच अडले. चिरंजीव लिहावं तर ज्ञानाने ते थोर, तीर्थरूप लिहावं तर वयाने पोरसवदा. शेवटी कोरा कागदच धाडला. तो पाहून मुक्ताई म्हणाली, इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला. ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांनी उत्तर दिलं, ती चांगदेव पासष्टी. पण मला त्यातलं पुढचं अधिक आवडतं. चांगदेव उठले, प्रत्यक्ष भेटायला गेले आणि त्या लहानग्या मुलीला गुरू केलं. एवढ्या योग्याची सिद्धी मायन्याशी हरली, आणि गाठ सुटली ती समोर गेल्यावर. तुझंही मायन्यावरच अडलंय. कमीपणा कोणी घ्यायचा, एवढंच.

आणि ‘घरात ध्यानाजोगं वातावरण नाही’ हे मला परत लिहू नकोस. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलत, साने गुरुजी ते उतरवून घेत. तुझ्याकडे तर गोठा आहे, ओटा आहे, आई आहे. रागावलो असं समजू नकोस. तू हुशार आहेस, म्हणूनच भीती वाटते. हुशार माणसाला न जाण्याची कारणं फार चांगली सापडतात. माझ्याकडे तर वहीच होती.

ते तिन्ही फ्यूज अजून कोनाड्यात आहेत. विहिरीच्या दोन्ही पाळ्या आता पुतण्या बघतो. रविवारी ते त्याच्या हातात देणार आहे आणि दारातल्या त्या सकाळचं सगळं सांगणार आहे. त्याला ठाऊक असेलच. तरी सांगणार.

तुझे वडील पहाटे साडेपाचला धारा काढतात, तूच लिहिलंस. तेव्हा ते कोणाशीच बोलत नाहीत, म्हणजे तुलाही बोलावं लागणार नाही. उद्या आसनावर बसण्याआधी गोठ्यात जा आणि बादली धर.

तुझा,
काका