चीनचा ‘रिव्हर्स रेपो’ कोणत्या बाजूने वाचायचा?

प्रश्न असा आहे: ‘आपल्याकडे रिव्हर्स रेपो म्हणजे रिझर्व्ह बँकेने बँकांकडचा जादा पैसा काढून घेणं. मग चीनच्या मध्यवर्ती बँकेने रिव्हर्स रेपोद्वारे बाजारात पैसा ओतला, ही बातमी चुकीची नाही का? आणि या शब्दाला मराठीत काय म्हणावं?’

बातमी बरोबर आहे. शब्द तोच, दिशा उलटी. रोखे विकायचे आणि ठरल्या दिवशी ठरल्या भावाने परत विकत घ्यायचे, तो रेपो. व्यवहारात हे थोड्या दिवसांचं तारणकर्जच. पैसे देणाऱ्याच्या बाजूने बघितलं की हाच व्यवहार रिव्हर्स रेपो होतो. भारतात नाव बँकांच्या बाजूने ठेवलंय: बँक पैसे उचलते, तो रेपो. चीनमध्ये ते मध्यवर्ती बँकेच्या बाजूने ठेवलंय. पीपल्स बँक ऑफ चायना पैसे देते, म्हणून तो तिचा ‘नी ह्वेइगोऊ’, म्हणजे उलट पुनर्खरेदी.

चिनी लोकांना हसण्याआधी हे लक्षात घ्या की आपल्याकडेही एके काळी हीच पद्धत होती. रिझर्व्ह बँकेने 29 ऑक्टोबर 2004 पासून आंतरराष्ट्रीय वापराशी जुळवून घेत दोन्ही नावांची अदलाबदल केली. त्याआधीच्या अहवालात ‘रेपोद्वारे पैसा शोषला’ असं दिसलं तर ती मुद्रणदोषाची भानगड नव्हे.

घोटाळा कुठे होतो, ते 3 फेब्रुवारी 2020 च्या बातमीत बघा. वसंतोत्सवाची, म्हणजे चिनी नववर्षाची सुट्टी आणि करोनाची भीती यानंतर चिनी शेअर बाजार त्या दिवशी उघडले. मध्यवर्ती बँकेने 1.2 लाख कोटी युआनचे रिव्हर्स रेपो केले आणि शांघायचा निर्देशांक साडेसात टक्क्यांहून जास्त कोसळला. भारतीय अर्थाने वाचणारा म्हणेल, एवढा पैसा शोषल्यावर बाजार पडणारच! प्रत्यक्षात बँक तो सावरायला धावली होती. त्याच दिवशी आधीचे 1.05 लाख कोटींचे व्यवहार मुदत संपून परत फिटणार होते, म्हणून निव्वळ भर फक्त 15 हजार कोटींची. मथळ्यात मात्र मोठाच आकडा येतो. चिनी बातमी वाचताना ‘निव्वळ’ हा शब्द शोधायची सवय लावून घ्यावी.

दराच्या बातमीत मात्र ही चूक लपून राहते, कारण रिव्हर्स रेपोचा दर कमी होणं दोन्ही देशांत सैल धोरणाचं, म्हणजे पैसा स्वस्त करण्याचंच लक्षण. 24 सप्टेंबर 2024 रोजी चिनी मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर पान गोंगशेंग यांनी सात दिवसांच्या रिव्हर्स रेपोचा दर 1.7 वरून 1.5 टक्क्यांवर आणत असल्याचं जाहीर केलं. सोबत बँकांच्या राखीव निधीच्या (ठेवींपैकी मध्यवर्ती बँकेकडे ठेवायच्या पैशाच्या) प्रमाणात अर्ध्या टक्क्याची कपात आणि शेअर खरेदीसाठी 50 हजार कोटी युआनची नवी सोय. 30 सप्टेंबरला शांघाय आणि शेन्झेनच्या बाजारांतल्या मोठ्या कंपन्यांचा सीएसआय 300 निर्देशांक सुमारे साडेआठ टक्के उसळला, 2008 नंतरची एका दिवसातली सर्वांत मोठी वाढ. ही उसळी 0.2 टक्क्यांच्या दरकपातीमुळे नव्हती, सरकारचा पवित्रा बदलला या समजुतीमुळे होती. 8 ऑक्टोबरला चीनच्या विकास आणि सुधारणा आयोगाच्या, म्हणजे तिथल्या आर्थिक नियोजन खात्याच्या पत्रकार परिषदेत नवा मोठा खर्च जाहीर झाला नाही आणि दुसऱ्या दिवशी हाच निर्देशांक सात टक्के आपटला.

आता मराठी शब्द. ‘उलट रेपो’ मला पटत नाही. कुणाच्या बाजूने उलट, हा मूळ गोंधळ त्यात शाबूतच राहतो. चीनबद्दल लिहिताना मी ‘मध्यवर्ती बँकेचं सात दिवसांचं तारणकर्ज’ आणि ‘त्या कर्जाचा दर’ असं लिहीन, मूळ संज्ञा एकदाच देईन. भारताबद्दल लिहिताना ‘रिव्हर्स रेपो’ तसाच ठेवावा. तोही आता फारसा चर्चेत नसतो. एप्रिल 2022 पासून जादा पैसा शोषण्याचं मुख्य काम स्थायी ठेव सुविधेकडे, म्हणजे बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे व्याजाने पैसा ठेवायच्या सोयीकडे गेलं आहे.