अमोनिया आणि इथिलीनडायअमीन दोन्ही नायट्रोजननेच जोडले जातात, मग निकेल दुसऱ्यालाच का धरून बसतं?

तुम्ही विचारलंय की निकेल सल्फेटचं हिरवं द्रावण जास्तीच्या अमोनियाने निळं होतं, मग इथिलीनडायअमीन घातल्यावर जांभळं होतं, आणि त्यानंतर पुन्हा अमोनिया ओतला तरी निळा रंग परतत नाही. असं का?

दोन्ही संकुलांत (धातू आणि त्याला जोडलेले रेणू मिळून बनलेल्या कणांत) निकेलभोवती शेवटी सहा नायट्रोजनच असतात: अमोनियाच्या रेणूत एक नायट्रोजन, इथिलीनडायअमीनच्या दोन टोकांना दोन. तरी स्थिरता स्थिरांकाचा (संकुल किती पक्कं आहे हे सांगणाऱ्या आकड्याचा) लॉग अमोनियासाठी साधारण ८.६ आणि इथिलीनडायअमीनसाठी १८.३ येतो. बंधांच्या ऊर्जेचा यात वाटा आहे, पण लहान. मोठा वाटा एन्ट्रॉपीचा, म्हणजे कणांच्या विस्कळीतपणाचा. इथिलीनडायअमीनचे तीन रेणू येतात आणि अमोनियाचे सहा सुटतात, म्हणजे चार कणांचे सात होतात आणि विस्कळीतपणा वाढतो.

मला याची दुसरी बाजू जास्त पटते. अमोनियाचा रेणू सुटला की द्रावणात निघून जातो. इथिलीनडायअमीनचं एक टोक सुटलं तरी दुसरं निकेलला जोडलेलंच असतं. सुटलेलं टोक धातूच्या आसपास घुटमळतं आणि बहुतेक वेळा परत जोडलं जातं. म्हणून साखळी लांबवून फायदा होत नाही: एक कार्बन वाढवून १,३-डायअमिनोप्रोपेन घेतलं की निकेल धरून पाचऐवजी सहा अणूंचं वलय बनतं आणि निकेलची पकड सैल होते.

रंगाचा प्रश्न वेगळा. तो निकेलच्या डी-कक्षकांच्या (इलेक्ट्रॉन जिथे असतात त्या जागांच्या) ऊर्जेतल्या अंतरावर ठरतो. पाणी, अमोनिया, इथिलीनडायअमीन या क्रमाने ते अंतर वाढत जातं.

सामूकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण स्थिरांकांचे तक्ते वाचताना तोच नजरेतून निसटतो. जांभळ्या द्रावणात पुरेसं आम्ल घाला, हिरवा रंग लगेच परत येईल. नायट्रोजनची जी इलेक्ट्रॉन-जोडी निकेलला मिळाली होती ती आता प्रोटॉन घेतो. लॉग १८ असला तरी आम्लात ते संकुल तगत नाही.

आणि स्थिर असणं म्हणजे सावकाश मोडणं असंही समजू नका. इथे अमोनिया हरला, पण सहा अमोनिया असलेलं कोबाल्ट(तीन)चं, म्हणजे +३ प्रभाराच्या कोबाल्टचं, संकुल आम्लात टाकून पाहा. उष्मागतिकीच्या (ऊर्जा आणि एन्ट्रॉपीच्या) हिशोबाने ते मोडायलाच हवं, तरी दिवसच्या दिवस टिकतं, कारण कोबाल्ट(तीन)भोवतीचे लिगंड (धातूला जोडलेले रेणू) फार हळू बदलतात. निकेल(दोन)भोवतीचे झटपट बदलतात, म्हणून तुमच्या परीक्षानळीत रंग डोळ्यांदेखत पालटले.