फुकटची लायब्ररी आणि सोमवारची डेडलाइन

प्रश्न : ताई, आकड्यांतली रक्कम मराठी अक्षरांत लिहून देणारी माझी एक छोटी लायब्ररी (दुसऱ्यांना आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडता येणारा तयार कोड) आहे, कुणालाही फुकट वापरू देणाऱ्या एमआयटी लायसनखाली. एका मोठ्या कंपनीच्या इंजिनिअरनं त्यावर इश्यू, म्हणजे तक्रार, उघडलाय : ‘आमचं बिलिंग अडलंय, सोमवारपर्यंत दुरुस्त करा.’ दिवसा नोकरी, रात्री हे. लायसन बदलून जीपीएल हे जास्त अटींचं लायसन केलं तर पैसे मिळतील का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नुसत्या जीपीएलनं दमडी मिळणार नाही. पण आधी ते सोमवारचं बघू. घाई त्यांची आहे, तुमची नव्हे. एमआयटीचा शेवटचा परिच्छेद, तो कॅपिटल अक्षरांतला, कधी वाचलात का? सॉफ्टवेअर आहे तसं घ्या, हमी कसलीही नाही. तुम्ही वापरायची मुभा दिलीत, दुरुस्तीचा शब्द नाही.

कर्ल (इंटरनेटवरून डेटा आणणारं-पाठवणारं फुकटचं टूल) बनवणाऱ्या डॅनियल स्टेनबर्गना जानेवारी २०२२ मध्ये एका बड्या कंपनीची मेल आली. लॉगफोरजे या दुसऱ्याच लायब्ररीतल्या सुरक्षेच्या त्रुटीचा गोंधळ ताजा होता. २४ तासांत उत्तरं द्या म्हणून प्रश्नांची जंत्री. कर्ल सी भाषेतलं, लॉगफोरजे जावातलं, संबंध काय! त्यांनी कळवलं : सपोर्टचा करार करा, उत्तरं देतो. कर्लचं लायसनही एमआयटीच्याच घराण्यातलं, बरं का.

आता जीपीएल. त्याखालचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या हाती दिलं तर सोर्स कोडही द्यावा लागतो. स्वतःच्या सर्व्हरवर चालवणाऱ्याला तेही बंधन नाही. २००७ च्या एजीपीएलनं, जीपीएलच्याच जास्त कडक भावंडानं, ही फट बरीचशी बुजवली, म्हणून कंपन्यांचे वकील त्याला बिचकतात. तुमचा फायदा त्या बिचकण्यात आहे : पुढची आवृत्ती एजीपीएलखाली काढा, आणि ज्यांना ते नको त्यांना व्यावसायिक लायसन विका. क्यूटी हे ॲप बनवायचं फ्रेमवर्क वर्षानुवर्षं असंच दुहेरी लायसन देत आलंय. मात्र एमआयटीखाली गेलेल्या आवृत्त्या परत घेता येत नाहीत. कंपनी जुनीच धरून बसेल किंवा स्वतः फोर्क करेल, म्हणजे तिची वेगळी प्रत काढून पुढे चालवेल. एजीपीएलखाली इतरांनी कोड दिला, तर तो विकण्याआधी त्यांची लेखी संमती घ्या. आणि तुमच्या नोकरीच्या करारात फावल्या वेळच्या कोडवर मालकानं हक्क सांगितलाय का, तेही तपासा.

माझं मत विचाराल तर एवढ्याशा लायब्ररीसाठी लायसनला हात लावू नका. इश्यूखाली लिहा : ‘सवड मिळेल तेव्हा बघेन. तातडीनं हवं असल्यास दर कळवतो, निम्मी रक्कम आगाऊ.’ ‘सॉरी’ मात्र लिहू नका.