स्लाइडवरचा मजकूर मागच्या रांगेतून दिसत नाही. कोणता फॉन्ट आणि किती साइझ घेऊ?

विचारलंय तेवढं आधी सांगतो. मराठीसाठी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, मजकूर २८ च्या खाली नको, शीर्षक ३६ ते ४०. पण यानं तुमचं काम होणार नाही. कारण तुम्हीच पुढे लिहिलंय की एका स्लाइडवर बारा ओळी असतात आणि त्या कमी करता येत नाहीत, तीच फाइल नंतर सगळ्यांना पाठवायची असते. खरं दुखणं ते आहे.

हिशोब करा. पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड ७.५ इंच, म्हणजे ५४० पॉइंट (फॉन्टची साइझ याच मापात असते) उंच. शीर्षक आणि कडा सोडल्या तर हाती साधारण ३८० उरतात. २८ साइझची देवनागरी ओळ मोकळ्या अंतरासह ४५ च्या आसपास जागा घेते. आठ ओळी झाल्या की स्लाइड भरली. मग बाराव्या ओळीला जागा कुठून येते? ऑटोफिट गुपचूप अक्षरं बारीक करतं. तुम्हाला वाटतं साइझ २८ आहे, पडद्यावर असते १८. फॉरमॅट शेप, टेक्स्ट ऑप्शन्स, टेक्स्ट बॉक्स इथे जाऊन 'डू नॉट ऑटोफिट' निवडा, आणि हे स्लाइड मास्टरमध्येच, म्हणजे सगळ्या स्लाइडच्या मूळ साच्यातच करा. मजकूर चौकटीबाहेर सांडताना दिसला की काय कापायचं ते आपोआप कळतं.

देवनागरीत साइझची कंजुषी जास्त नडते. त्याच उंचीत वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार बसवायचे असतात, आणि 'द्ध', 'ष्ट्र' यांतल्या बारीक रेघा सगळ्यात आधी बुडतात. ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली' करून आवळलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. अक्षरांमधलं अंतर तर वाढवूच नका, शिरोरेषा तुटते. आणि फाइल दुसऱ्याच्या मशीनवर चालणार असेल तर फॉन्ट एम्बेड करा, म्हणजे फाइलमध्येच भरून ठेवा, किंवा सरळ पीडीएफ न्या.

मागच्या रांगेची परीक्षा घरी होते. पडदा १.५ मीटर उंच आणि शेवटची खुर्ची १२ मीटरवर असेल, तर अंतर उंचीच्या आठपट. लॅपटॉपवर स्लाइड १७ सेंटिमीटर उंच दिसत असेल तर १३६ सेंटिमीटर मागे उभे राहा आणि वाचा.

आता ते 'नंतर पाठवायची असते'. हे कारण ऐकलं की माझं डोकं फिरतं, म्हणून जरा लांबण लावतो. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यान उडताना बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत असतानाच अभियंत्यांनी नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइड मांडल्या. त्यांतल्या एकीचं शीर्षक, फोम आदळण्याच्या आधीच्या चाचण्यांवरून अंदाज सुरक्षित बाजूलाच दिसतो, अशा अर्थाचं. खाली बुलेट, बुलेटच्या पोटात बुलेट. आणि पार तळाशी, बारीक अक्षरांत, खरी गोष्ट: चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा, आदळलेला १,९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट! १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं, कल्पना चावलांसह सातही जण गेले. स्लाइडमुळे अपघात झाला असं मी म्हणत नाही, आणि कुणी म्हणूही नये. पण तांत्रिक अहवालाच्या जागी स्लाइड वापरायच्या सवयीवर चौकशी मंडळाच्या अहवालात स्पष्ट टीका आहे.

तीच स्लाइड नीट केली तर? शीर्षकातच निष्कर्ष: 'आदळलेला तुकडा चाचणीतल्यापेक्षा ६४० पट मोठा, ही चाचणी इथे लागू नाही'. खाली दोन ठोकळे, बाजू १ ला ८.६ या प्रमाणात, कारण घनफळ ६४० पट म्हणजे बाजू ८.६ पटच. बाकी सगळं वर्डच्या फाइलमध्ये. म्हणून 'स्लाइड स्वयंपूर्ण हवी' म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं: पाठवायचं टिपण वेगळं लिहा. आळस असेल तर निदान स्लाइडखालच्या नोट्समध्ये लिहा आणि नोट्स पेजेसची (वर स्लाइड, खाली नोट्स) पीडीएफ पाठवा. सहा मुद्दे, मुद्द्यात सहा शब्द, हा नियमही सोडा. त्यानं फक्त तुटक वाक्यं तयार होतात.

एक्सेलमधून चिकटवलेल्या तक्त्यांचे आकडे बहुतेक वेळा फार बारीक असतात, ते हातानं २० वर न्या. आलेखाच्या बाजूची रंगांची यादी काढून नावं रेघांच्या टोकाशीच लिहा.

रंगांबद्दल थोडकंच: प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, काळा म्हणजे फक्त प्रकाश न पडलेला पडदा. दिवे चालू असलेल्या खोलीत तो राखाडी होतो आणि गडद पार्श्वभूमीवरचा मजकूर फिकटतो. अशा वेळी पांढऱ्यावर काळं. राखाडी अक्षरं, पिवळी अक्षरं, निळ्यावर लाल, हे तिन्ही नको.

वरचे आकडे खोलीतल्या पडद्यासाठी आहेत. ऑनलाइन मीटिंगमध्ये कुणी मोबाइलवर बघत असेल तर २८ पण अपुरा पडेल, ३६ धरा. आणि अंधाऱ्या सभागृहात गडद पार्श्वभूमी चालते, तिथे माझा आक्षेप नाही.