मळीपासून हायड्रोजन : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : साखर कारखान्यातील मळीपासून जीवाणूंच्या मदतीने हायड्रोजन मिळवता येतो, असे वाचले. ही प्रक्रिया कशी चालते? पुढे ती इथेनॉलची जागा घेईल का?

उत्तर : मळीच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग साखरेचा असतो आणि हीच साखर क्लॉस्ट्रिडियमसारख्या जीवाणूंचे खाद्य ठरते. हवा नसलेल्या टाकीत हे जीवाणू साखर फोडतात, तेव्हा उरलेले इलेक्ट्रॉन स्वीकारायला ऑक्सिजन नसतो. म्हणून हायड्रोजनेज नावाचे विकर (एन्झाइम) ते प्रोटॉनशी जोडते आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो. यासाठी प्रकाश लागत नाही.

खरे कौशल्य टाकीतली वस्ती सांभाळण्यात आहे. विरजण म्हणून बहुधा बायोगॅस संयंत्रातला गाळ घेतात. पण त्यातले मिथेनजनक सूक्ष्मजीव तयार झालेला हायड्रोजन लगेच खाऊन टाकतात. म्हणून गाळ आधी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. मिथेनजनक सूक्ष्मजीव बीजाणू (उष्णता सोसणारे सुप्त रूप) बनवत नसल्याने मरतात, तर क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू तग धरतात आणि मळीचे पातळ द्रावण मिळताच पुन्हा रुजतात. त्यानंतर सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) ५.५ च्या जवळपास राखावा लागतो. मात्र मळीसोबत आलेले लॅक्टिक आम्लाचे जीवाणू वाढले, तर साखर संपते आणि वायू मिळत नाही. मोठ्या टाक्यांमध्ये ही डोकेदुखी वारंवार उद्भवते.

आता इथेनॉलविषयी. एका मोल (रेणू मोजण्याचे एकक) ग्लुकोजपासून या मार्गाने फार तर ४ मोल हायड्रोजन मिळतो, आणि तोही सोबत केवळ ॲसिटिक आम्ल तयार झाले तरच. ब्युटिरिक आम्लाकडे ओढा असेल तर २ मोलांवर समाधान मानावे लागते. म्हणजे ज्या एक टन मळीत ५०० किलो साखर आहे, तिच्यापासून सैद्धांतिक कमाल २२ किलोंच्या आसपास, प्रत्यक्षात बहुधा त्याच्या निम्मा. ग्लुकोजमधील सुमारे ४० टक्के ऊर्जाच, तीही उत्तम स्थितीत, हायड्रोजनमध्ये उतरते. उलट यीस्टच्या किण्वनात (साखर आंबवण्यात) ९० टक्क्यांहून अधिक ऊर्जा इथेनॉलमध्ये टिकते. त्यामुळे चांगली मळी केवळ हायड्रोजनसाठी वापरणे मला योग्य वाटत नाही. मात्र उरलेली ऊर्जा नष्ट होत नाही, ती टाकीतल्या आम्लांमध्ये असते. तो द्रव दुसऱ्या टाकीत नेऊन त्यापासून मिथेन घेतला, किंवा ऱ्होडोबॅक्टरसारख्या प्रकाशसंश्लेषी जीवाणूंना देऊन आणखी हायड्रोजन काढला, तरच या प्रक्रियेचा हिशेब जुळतो. असा दोन टप्प्यांचा प्रकल्प कारखान्याच्या साखरमिश्रित सांडपाण्यावर उभा करावा, असे माझे मत आहे. कारण त्या पाण्यावर प्रक्रिया करण्याचा खर्च कारखान्याला नाहीतरी करावाच लागतो.

प्रश्न : बगॅसपासूनही (उसाच्या चोथ्यापासूनही) असा हायड्रोजन मिळेल का?

उत्तर : मिळेल, पण थेट नाही. बगॅसमधील सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या) लिग्निन या कठीण पदार्थाच्या वेढ्यात असतात, म्हणून आधी वाफ, आम्ल किंवा अल्कली वापरून हा वेढा सैल करावा लागतो आणि मग विकरांनी त्यांची साखर करावी लागते. तीव्र आम्ल व उष्णतेमुळे फरफ्युरलसारखी संयुगे तयार होतात आणि ती जीवाणूंची वाढ रोखतात. शिवाय कोणत्याही कच्च्या मालापासून निघालेल्या वायूत हायड्रोजनबरोबर कार्बन डायऑक्साइडही मोठ्या प्रमाणात असतो. तो उसाने हवेतूनच घेतलेला असल्याने हवेत नवा जीवाश्म कार्बन जात नाही. पण इंधन-घटात (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या साधनात) वापरण्यापूर्वी हायड्रोजन शुद्ध करावाच लागतो आणि त्याचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरायला हवा.